मध्यफळीतील माणूस : प्रशिक्षक खालिद जमील यांची वाटचाल

पडघ्यासारख्या गावात क्रिकेटचा सामना भरला की रस्त्यावरचा माणूसही घटकाभर थांबतो. फुटबॉलचे तसे नाही. तरीही आमच्या निवासी शाळेच्या मैदानावर सायंकाळी मुले चेंडूमागे धावू लागली की प्रत्येकाला गोल करणारा व्हायचे असते. मधल्या जागेत उभे राहण्यास कोणी सहजासहजी राजी होत नाही. म्हणून या स्मरणिकेसाठी आम्ही अशा एका मध्यरक्षकाचा अभ्यास मांडत आहोत, ज्याची खरी कामगिरी खेळणे थांबल्यानंतर सुरू झाली.

मध्यरक्षकाचे काम प्रथम समजून घेतले पाहिजे. बचावपटूकडून चेंडू घ्यायचा, मान वर करून कोण मोकळा आहे ते हेरायचे आणि चेंडू पुढे द्यायचा. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात गोल करणाऱ्याचे नाव छापून येते, चेंडू पोहोचवणाऱ्याचे क्वचितच येते. मात्र संपूर्ण मैदान सतत पाहण्याची सवय याच जागेवर लागते. उत्तम प्रशिक्षकांपैकी अनेक जण मध्यफळीतून आले, त्याचे हे एक कारण असावे असे आम्हांस वाटते. स्पेनचे पेप ग्वार्डिओला हे त्याचे जगप्रसिद्ध उदाहरण. 2008 साली ते बार्सिलोनाच्या मुख्य संघाचे प्रशिक्षक झाले. त्यानंतर एकाच वर्षाने, 2009 मध्ये, मुंबईत खालिद जमील यांनी मुंबई एफसी या संघाची सूत्रे हाती घेतली. दोघांच्या हाती असलेल्या साधनांची तुलना करण्याचे कारण नाही.

जमील यांचा जन्म 1977 सालचा, कुवेतमधील. कुटुंब मूळचे पंजाबी. कुमारवयात ते भारतात आले आणि 1997 मध्ये महिंद्राच्या संघात दाखल झाले. तेथे खेळण्याची संधी अपुरी पडू लागली, तेव्हा वर्षभरातच त्यांनी एअर इंडियाचा संघ गाठला. मोठ्या नावाच्या संघात बाकावर बसण्यापेक्षा मैदानावर उतरता येईल तेथे जाणे त्यांनी पसंत केले. पुढे ते राष्ट्रीय संघातूनही खेळले आणि 2002 मध्ये महिंद्रा युनायटेडमध्ये परतले. परंतु दुखापतींनी पाठ सोडली नाही. 2007 मध्ये नव्याने स्थापन झालेल्या मुंबई एफसीत ते गेले, आणि 2009 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, इंग्लिश प्रशिक्षक डेव्हिड बूथ यांच्यानंतर त्याच संघाचे प्रशिक्षक झाले.

येथे मुंबईच्या क्रीडाइतिहासाकडे थोडे वळावे लागते. या शहरातील फुटबॉल दीर्घकाळ कंपन्यांच्या आधारावर उभा होता. मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, महिंद्रा, एअर इंडिया अशी ही नावे. पगारी नोकरी आणि खेळ यांची सांगड असल्यामुळे साध्या घरातील मुलालाही खेळाकडे गांभीर्याने पाहता येत असे. हा आधार एकेक करून कोसळला. 2005-06 ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणारा महिंद्राचा संघसुद्धा 2010 मध्ये बंद करण्यात आला. जमील यांची कारकीर्द या पडझडीच्या काळात घडली, हे विसरून तिचे मोल करता येणार नाही.

मुंबई एफसीत ते सुमारे सात वर्षे राहिले. मोठे विजेतेपद मिळाले नाही. मात्र तुटपुंज्या बळावर संघ आय-लीगमध्ये टिकून राहिला. खेळ बचावात्मक असल्याची टीका होई. ती अगदीच निराधार नव्हती, पण ज्याच्या पदरी थोडे आहे त्याने आधी घर राखावे, यात आम्हांस गैर दिसत नाही. 2016 मध्ये त्यांना तेथून जावे लागले.

त्यानंतर ते मिझोराममधील ऐझॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्या हंगामात आय-लीगमधून खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्यातील संघांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. जमील यांनी मुंबई एफसीत आपल्या हाताखाली खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता यांना सोबत घेतले आणि स्थानिक मिझो तरुणांशी त्यांची मोट बांधली. एप्रिल 2017 मध्ये ऐझॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानला 1-0 असे हरवले. 30 एप्रिलला शिलाँगमध्ये लाजोंगविरुद्ध 1-1 अशी बरोबरी झाली आणि 18 सामन्यांत 37 गुण मिळवून ऐझॉल विजेता ठरला. मोहन बागान 36 गुणांवर राहिला. ईशान्य भारतातील संघाने हे विजेतेपद मिळवण्याची ही पहिलीच वेळ. त्याच हंगामात मुंबई एफसी मात्र खालच्या श्रेणीत घसरला.

एवढे करूनही श्रीमंत इंडियन सुपर लीगची दारे लगेच उघडली नाहीत. तेथे मुख्य प्रशिक्षक म्हणजे परदेशी, असाच रिवाज होता. 2021 च्या आरंभी नॉर्थईस्ट युनायटेडने स्पॅनिश प्रशिक्षक जेरार्ड नुस यांना दूर केले आणि हंगामापुरती जबाबदारी जमील यांच्यावर आली. साखळीतील उरलेला एकही सामना न हरता त्यांनी संघाला उपांत्य फेरीत नेले. या लीगमध्ये ही मजल मारणारे ते पहिले भारतीय प्रशिक्षक. पुढचा हंगाम वाईट गेला, तेही नमूद केले पाहिजे. नंतर जमशेदपूरला त्यांनी 2024-25 मध्ये उपांत्य फेरी आणि सुपर कपची अंतिम फेरी गाठून दिली.

ऑगस्ट 2025 मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. सावियो मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी हे पद भारतीयाकडे आले. त्यांच्या आधी या जागी मानोलो मार्केझ हे स्पॅनिश प्रशिक्षक होते, आणि आशिया चषक पात्रता फेरीतील पहिल्या दोन सामन्यांतून भारताच्या पदरी एकच गुण पडला होता. जमील यांच्या पहिल्याच स्पर्धेत, ताजिकिस्तानातील काफा नेशन्स कपमध्ये, भारताने यजमानांना 2-1 असे नमवले आणि ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून तिसरे स्थान मिळवले. पण 14 ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारताने आघाडी घेऊनही सिंगापूरने 2-1 असा विजय मिळवला आणि 2027 च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. परदेशी प्रशिक्षकांना अशा पराभवांनंतरही पुढचा हंगाम मिळत आला आहे; भारतीय प्रशिक्षकाला तेवढीच मुदत मिळते का, हे आता पाहावयाचे आहे.