विजेची दुचाकी आणि मोडलेला घोटा : उपचार, खर्च व खबरदारी



केंद्र शासनाची 'फेम' योजना २०१५ साली व तिचा दुसरा टप्पा २०१९ साली सुरू झाला. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने विद्युत वाहन धोरण जाहीर केले. पेट्रोलचा खर्च वाचविणारी बॅटरीवरील सायकल व स्कूटर आता समुद्रपूर, जाम, गिरड या परिसरातही दिसते. या वाहनाचे स्वागतच आहे. मात्र त्यावरून पडून होणारा घोट्याचा गंभीर अस्थिभंग एखाद्या कुटुंबाची वर्षभराची घडी विस्कटून टाकतो. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून वैद्यकीय ज्ञानाचा दावा करीत नाही. तरी रुग्णांच्या नातेवाइकांकडून वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र मांडीत आहे.

घोटाच का मोडतो?

साधी सायकल ताशी सुमारे १२ किलोमीटर वेगाने चालते, तर विजेची सायकल २५ पर्यंत जाते. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. त्यात बॅटरी व मोटार यांच्या वजनाची भर पडते. तोल जाताच स्वार सवयीने पाय जमिनीला टेकवतो. पाऊल रस्त्यावर अडते, शरीर व वाहन पुढे जाते आणि घोट्याला जबर पीळ बसतो. कधी वाहनच पायावर कोसळते.

नडगीचे जाड हाड व शेजारचे बारीक हाड यांची खालची टोके मिळून चिमट्यासारखी खोबण तयार होते. तीत पावलाचे टॅलस नावाचे हाड बसते. रॅमसे व हॅमिल्टन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, टॅलस केवळ १ मिलिमीटर बाहेर सरकले तरी सांध्यातील स्पर्शक्षेत्र ४२ टक्क्यांनी घटते. उरलेल्या भागावर भार वाढून सांधा अकाली झिजू शकतो. ताळेबंदात एका रुपयाचा फरक राहिला तरी तो जुळला असे म्हणता येत नाही. घोट्याचेही तसेच आहे.

उपचारांचा क्रम

सांधा निखळला असल्यास तो तातडीने जागेवर आणणे हे पहिले काम. विलंब झाल्यास ताणलेली त्वचा मृत होते. पावलातील नाडी व संवेदना तपासून पायास आधारपट्टी बांधली जाते व क्ष-किरण चित्र काढले जाते. हाड त्वचेबाहेर आले असल्यास प्रतिजैविके व धनुर्वाताची लस विनाविलंब देऊन जखम शल्यगृहात स्वच्छ केली जाते.

"तीन दिवस झाले, अजून ऑपरेशन का नाही?" हा नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न. घोट्यावर मांसाचे आवरण जवळपास नसते. सुजलेल्या त्वचेवर छेद घेतल्यास जखम भरत नाही व जंतुसंसर्ग होतो. त्वचेवर पुन्हा बारीक सुरकुत्या दिसेपर्यंत थांबावे लागते; त्यास एक ते दोन आठवडेही लागू शकतात. तोवर सांधा अस्थिर असल्यास बाहेरून सळ्यांची चौकट बसवितात. नंतर पट्ट्या व स्क्रू यांनी हाडे मूळ जागी जोडली जातात. सांध्याच्या पृष्ठभागाचाच चुरा झाला असल्यास सी.टी. स्कॅन आवश्यक ठरते. अशा गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालय व सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही जिल्ह्यातील मोठी आश्रयस्थाने आहेत.

घरी गेल्यानंतर

साधारणतः सहा आठवडे त्या पायावर भार देता येत नाही. मधुमेही रुग्णांना याहून अधिक काळ थांबावे लागते. पाय उशीवर उंच ठेवावा व बोटे हलवीत राहावी. वेदना सतत वाढत गेल्यास, बोटे निळी वा बधिर पडल्यास किंवा पोटरी सुजल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आपल्या भागातील खर्रा येथे वैरी ठरतो, कारण निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व हाड उशिरा जुळते. मोडलेल्या घोट्यास मालीश करू नये. कामट्या घट्ट बांधल्यास रक्तप्रवाह थांबून पाय गमावण्याची वेळ येते.

हाड जुळले म्हणजे उपचार संपले असे नव्हे. निंदणासाठी वाकणारी, उकिडवी बसणारी मजूर स्त्री घोटा पुरेसा वाकेपर्यंत कामावर परतू शकत नाही. म्हणून व्यायामोपचार हा शल्यक्रियेइतकाच महत्त्वाचा आहे.

खर्चाची बाजू

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार २५० वॅटपेक्षा कमी शक्तीचे व ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाचे विद्युत दुचाकी वाहन विहित अटी पूर्ण करीत असल्यास मोटार वाहन गणले जात नाही. त्यास परवाना, नोंदणी वा विमा सक्तीचा नाही. सवलत सोयीची खरी. परंतु अपघातानंतर पाठीशी विमाही नसतो. २०२५ साली आलेल्या केंद्रीय योजनेत मोटार वाहन अपघातातील जखमींना दीड लाख रुपयांपर्यंत, पहिल्या ७ दिवसांसाठी, रोकडरहित उपचार मिळतात. अशा सायकलवरून कोणी स्वतःच पडल्यास तो या व्याख्येत सहज बसत नाही. शिवाय सूज उतरून शल्यक्रियेचा दिवस उजाडतो तो कित्येकदा सात दिवस उलटल्यावरच.

म्हणून शिधापत्रिका व आधारपत्र सोबत आणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची विचारणा प्रथमच करावी. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-अ-अ नुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. पट्टी व स्क्रूचा खर्च देयकात दिसतो. बुडालेली मजुरी, तपासणीच्या फेऱ्यांचे भाडे, वॉकर व कुबड्या यांचा खर्च दिसत नाही. देणगीदारांची मदत तेथे खरी उपयोगी पडते. वापरून झालेली कुबडी परत केली तरी दुसऱ्या रुग्णास ती पायाइतकीच मोलाची आहे.

खबरदारी

सक्ती नसली तरी शिरस्त्राण घालावे. चपलेऐवजी बंद बूट वापरावेत. वाहन हाताने ढकलताना मोटार बंद ठेवावी. वेगमर्यादेची यंत्रणा काढून टाकू नये. नवख्याने प्रथम मोकळ्या मैदानात सराव करावा आणि जामच्या महामार्गावर हे वाहन नेणे टाळावे. अपघातग्रस्त दिसल्यास १०८ क्रमांकावर कळवावे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात समाविष्ट झालेले कलम १३४-अ मोटार वाहन अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण देते.

वेळेवर बसविलेला सांधा, संयमाने घेतलेली प्रतीक्षा व चिकाटीने केलेला व्यायाम यांमुळे बहुतेक रुग्ण पुन्हा आपल्या पायांवर उभे राहतात.