दाताची कॅप : कोरलेली की छापलेली?

टेंभी नाका परिसरातील दवाखान्यांची कामे घेणाऱ्या डेंटल लॅबच्या कारागीर बांधवांपुढे आज एक प्रश्न आहे. झिर्कोनियाची कॅप यंत्राने कोरून घ्यावी की छापून?

कोरण्याची पद्धत पारखलेली आहे. 1985 साली झुरिच विद्यापीठात यंत्राने कोरलेली सिरॅमिकची भरणी प्रथम रुग्णाच्या दातात बसवली गेली. झिर्कोनियाच्या अर्धकच्च्या, खडूसारख्या मऊ चकतीतून कॅप सुमारे 20 ते 25 टक्के मोठ्या मापात कोरतात. 1500 अंश सेल्सियसच्या आसपास भट्टीत भाजली की ती आकसून मापावर येते. दोष एवढाच की चकतीचा बराच माल भुकटी होऊन वाया जातो, हत्यारे झिजतात आणि हत्याराच्या जाडीपेक्षा अरुंद कोपरा आतून कोरता येत नाही.

छापताना प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये झिर्कोनियाची भुकटी कालवून थरावर थर चढवतात. माल वाचतो, बारीक आकार साधतो. मात्र खरी परीक्षा पुढेच! भाजण्यापूर्वी हे रेझिन जाळून काढावे लागते, तेही सावकाश, तासन् तास. घाई केली की तडे जातात, थर सुटतात. दवाखान्याला उद्याचा वायदा दिलेल्याने हे आधी ध्यानात घ्यावे. शिवाय मजबुती थरांच्या दिशेवरही अवलंबून असते.

आमच्या मते दाढेच्या रोजच्या कामाला आज कोरलेलीच कॅप घ्यावी. छपाईचे यंत्र घ्यायचेच असेल तर विक्रेत्याकडून चार नमुने भाजून घ्यावेत व मॉडेलवर बसवून कडा भिंगाखाली पाहाव्यात. रेझिनची तात्पुरती कॅप छापणाऱ्या स्वस्त यंत्रालाही 'थ्रीडी प्रिंटर'च म्हणतात. तेव्हा यंत्रात कोणता माल चालतो हे लेखी घेऊनच पैसे मोजावेत.