अंतःकरणाची कळकळ व खरा विश्वास
शास्त्रपाठ : लूक २४:१३–३५, मत्तय १३:२०–२१

भजनाच्या वेळीं शेजाऱ्याच्या डोळ्यांतून अश्रु वाहतात व आपले डोळे कोरडेच राहतात, तेव्हां माझा विश्वास खोटा तर नाहीं ना, अशी शंका पुष्कळांस येते. उलट कोणी म्हणतात कीं, वचनें पाठ असलीं म्हणजे झालें, रडणें हा दुबळेपणा होय. ह्या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत.

अम्माऊसच्या वाटेवरील दोघां शिष्यांकडे पाहा. रिकाम्या कबरेची हकीकत त्यांस ठाऊक होती, तरी त्यांचीं तोंडें उतरलेलीं होतीं. प्रभूनें शास्त्राचा उलगडा केला, तेव्हां त्यांचें अंतःकरण पेटलें. आणि दिवस मावळला असतांहि ते त्याच घटकेस उठून यरुशलेमेस परतले. आधीं वचन, मग कळकळ, मग उठलेले पाय, हा क्रम ध्यानांत ठेवावा.

पंडिता रमाबाईंचें चरित्र हेंच शिकवितें. त्यांचा बाप्तिस्मा इ. स. १८८३ मध्यें इंग्लंडांत झाला. ख्रिस्ती मत त्या विदुषीच्या बुद्धीस पटलें होतें. तरी १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या साक्षींत त्या कबूल करितात कीं, आपणांस धर्म सांपडला होता, पण ख्रिस्त सांपडला नव्हता. सुमारें आठ वर्षांनीं, तारणारा आपलाच आहे हें त्यांच्या जिवास भिडलें. त्या आनंदाचें फळ काय? १८९६–९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार मुलींस आणून आश्रय दिला. १९०५ सालीं केडगांवच्या मुक्तिसदनांत संजीवन झालें, तेव्हां मुलींनीं आपल्या पापांसाठीं रडून प्रार्थना केली. मग त्यांच्या टोळ्या खेड्यापाड्यांत शुभवर्तमान सांगावयास निघाल्या.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील शेतकऱ्यास हें कळावयास कठीण नाहीं. बरड रानांत पहिल्या पावसानें पऱ्हाटी उगवते, पण उघडीप पडतांच मान टाकते. काळ्या जमिनींत मूळ खोल जातें. अश्रु आले तर देवाचे आभार मानावे; न आले तर घाबरूं नये, वचन वाचीत राहावें. परंतु रविवारीं रडून सोमवारीं बाजारांत खोटें माप दिलें, किंवा भावाशीं अबोला तसाच ठेविला, तर मूळ धरलें नाहीं असें समजावें.

उपदेशकांनीं सभेंत रडें आणविण्याचा यत्न करूं नये. वचन उघडून सांगणें हें आपलें काम; अंतःकरण पेटविणें हें प्रभूचें.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न :
१. शिष्यांचें अंतःकरण केव्हां पेटलें?
२. त्यानंतर त्यांनीं काय केलें?
३. ह्या आठवड्यांत मीं कोणाकडे उठून गेलें पाहिजे?