तेवरची लक्ष्मी आणि घोरीचं नाणं

प्रश्न : आमचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून जबलपुरात आहे. नातीला अभ्यासात ‘इस्लामी संस्कृतीची प्रमुख वैशिष्ट्ये लिहा’ असा प्रश्न आला. एकेश्वरवाद, कुराण, बंधुभाव, वास्तुकला, विज्ञान असे पाच मुद्दे तिने लिहिले आणि मला विचारलं, “आजोबा, यातलं आपल्या गावात काय आहे?” मला काही सांगता आलं नाही. ‘जबल’ म्हणजे अरबीत डोंगर आणि त्यावरून जबलपूर, एवढंच ऐकून आहे. ते तरी खरं का? खुलासा करावा.
– एक वाचक, जबलपूर

उत्तर : आधी नावाचं सांगतो. ‘जबल’ म्हणजे डोंगर हे खरं आहे आणि मदनमहालाचे खडक पाहिले की ती व्युत्पत्ती पटावीशी वाटते. पण कलचुरी राजांच्या ताम्रपटात ‘जाउली’ नावाच्या पत्तलेचा, म्हणजे परगण्याचा, उल्लेख आहे. तेव्हा या भागात अरबी-फारसीचा कारभार नव्हता. म्हणून जाउलीवरून जबलपूर झालं, हे मत मला अधिक सबळ वाटतं. नातीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तुमच्या अगदी जवळ आहे. भेडाघाटला जाताना वाटेत तेवर लागतं, तिथे.

तेवर म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे गांगेयदेव राज्य करत होता. त्याच सुमारास, १०३० साली, गझनीत अल्-बीरूनी नावाचा एक विद्वान भारतावरचा आपला ग्रंथ पुरा करत होता. त्यात डाहल देश, त्याची राजधानी ‘तिऔरी’ आणि तिथला त्या वेळचा राजा गांगेय अशी नोंद आहे. शेकडो कोस दूर बसलेल्या माणसाने तुमच्या शेजारच्या गावाचं नाव आणि तिथे गादीवर कोण आहे हे लिहून ठेवलं. हा बीरूनी कोण होता ते पाहिलं, की तुमच्या नातीचे मुद्दे हाडामासाचे होतात.

तो ९७३ साली ख्वारिझ्ममध्ये, आजच्या उझबेकिस्तानात, जन्मला. त्याची मायबोली अरबी नव्हती. आश्रयदाता तुर्क होता, दरबारात फारसी चालत होती आणि तो शिकत होता संस्कृत. ग्रंथ मात्र त्याने अरबीत लिहिला, कारण मग तो बगदाद, कैरो आणि स्पेनमधल्या कुर्तुबापर्यंत वाचता येणार होता. आपल्याकडे काश्मीरचा पंडित आणि कांचीचा पंडित संस्कृतात वाद घालू शकत, तसंच हे. कुराणाची भाषा ही विद्येचीही भाषा झाली आणि अनेक वंशांच्या माणसांना तिने एका पंगतीला बसवलं. तीनशे वर्षांनी मोरोक्कोतल्या तांजियरचा इब्न बतूता दिल्लीत काझी म्हणून नेमला गेला आणि पुढे मालदीवमध्येही त्याने तेच काम केलं, ते या एका भाषेच्या आणि एका कायद्याच्या जोरावर.

पहिलं वैशिष्ट्य मी हे मानतो. इस्लामी संस्कृतीला एक पक्का कणा आहे. एक ईश्वर, एक ग्रंथ, पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, जकात, हज. माणूस जावाचा असो की सेनेगलचा, नमाजेला उभा राहताना तो मक्केकडेच तोंड करतो.

पण या कण्यातून शास्त्रं कशी फुटली ते बघा. मक्का आहे साधारण साडेएकवीस उत्तर अक्षांशावर आणि जबलपूर तेवीसच्या थोडं वर. म्हणजे मक्का जबलपूरच्या दक्षिणेला. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर मक्केची दिशा पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला येईल. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळच्या मार्गाची खरी दिशा निघते ती पश्चिमेच्या सुमारे ५ अंश उत्तरेला. नातीला पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघायला सांगा. अगदी हाच प्रश्न बीरूनीला गझनीसाठी पडला होता. गझनीचा किब्ला नेमका ठरवता यावा म्हणून त्याने स्थळांचे अक्षांश-रेखांश काढण्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. प्रार्थनेची दिशा शोधता शोधता गोलीय त्रिकोणमिती वाढली. नमाजेच्या वेळा आणि चंद्रदर्शन यांसाठी खगोलशास्त्र वाढलं. इथे धर्म आणि गणित एकाच अंगणात होते.

दुसरं वैशिष्ट्य, जे मिळेल ते घ्यायचं, पचवायचं आणि पुढे पोचवायचं. आठव्या शतकात बगदादमध्ये ब्रह्मगुप्ताचं ज्योतिष अरबीत गेलं. आपलं पंचतंत्र पहलवीतून इब्न अल्-मुकफ्फाच्या अरबीत आलं आणि ‘कलीला व दिमना’ होऊन युरोपात पोचलं. नवव्या शतकात अल्-ख्वारिझ्मीने हिंदू अंकांवर पुस्तक लिहिलं, ते लॅटिनमध्ये गेलं आणि आपले अंक तिकडे ‘अरबी अंक’ झाले. चीनची कागद करण्याची विद्या समरकंद आणि बगदादमार्गे पश्चिमेला गेली. बीरूनीने स्वतः पतंजलीच्या योगसूत्रांचा अरबीत अनुवाद केला.

आपल्या मराठी घरात हे किती खोल आहे ते सांगतो. १७९८ साली नर्मदेच्या या खोऱ्यात भोसल्यांचा अंमल आला, तेव्हा त्यांच्या दफ्तरासोबत फडणवीस, चिटणवीस, मुजुमदार ही पदं आली. तिन्ही शब्दांचा शेवटचा भाग फारसी. कागद, कलम, दौत, तारीख, हक्क, वकील हेही तिकडचेच. जुन्या मराठी पत्रांतलं सुहूर सन पाहा. त्यातला वर्षाचा आकडा अरबी शब्दांत असतो, ‘खमस सबैन अलफ’, म्हणजे पाच, सत्तर, हजार : १०७५. त्यात ५९९ मिळवले की १६७४ येतं, शिवराज्याभिषेकाचं साल. इस्लामी हिजरी वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं, ऋतूंपासून सरकत जाणारं. शेतसाऱ्याला ते अडचणीचं. म्हणून दख्खनमध्ये सुहूर सन सौर केलं गेलं आणि त्याचा आरंभ मृग नक्षत्रावर धरला. शब्द अरबी, नक्षत्र आपलं, म्हणून लोक त्याला मृगसाल म्हणत.

आता तेवरच्या लक्ष्मीकडे येतो. गांगेयदेवाने सोन्याची नाणी पाडली. एका बाजूला नागरीत ‘श्रीमद्गांगेयदेव’, दुसऱ्या बाजूला मांडी घालून बसलेली लक्ष्मी. हा छाप इतका चालला की चंदेल आणि गाहडवाल राजांनीही तो उचलला. ११९२ साली तराईच्या रणात महंमद घोरीने पृथ्वीराजाला हरवलं. पुढे त्याच्या नावाने उत्तर हिंदुस्थानात सोन्याची नाणी निघाली, तर त्यांवरही बैठी लक्ष्मीच होती आणि राजाचं नाव नागरीत होतं. मूर्ती न मानणाऱ्या धर्माचा विजेता, आणि त्याच्या नाण्यावर त्रिपुरीने रूढ केलेली देवी! बाजारातला सराफ जे नाणं ओळखत होता, तेच चालू ठेवणं त्याला शहाणपणाचं वाटलं. धर्माची रेघ आणि संस्कृतीची रेघ एकावर एक तंतोतंत बसत नाही, हे या नाण्याइतकं स्पष्ट मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

याचा अर्थ सगळं गोड होतं असा नाही, आणि नातीला तसं सांगूही नका. बीरूनी गझनीत राहिला तो तिथल्या सुलतान महमूदाच्या आश्रयाला, आणि महमूदाच्या स्वाऱ्यांनी हिंदुस्थानची किती नासाडी केली, लोकांच्या मनात किती द्वेष भरला, हे बीरूनीनेच लिहून ठेवलं आहे. जबलपूरने तर तलवार प्रत्यक्ष पाहिली. १५६४ साली अकबराचा सरदार आसफखान गढ्याच्या गोंड राज्यावर चालून आला आणि बरेल्याजवळ नर्रईच्या लढाईत राणी दुर्गावतीने शरण जाण्यापेक्षा मरण पत्करलं. चौरागड लुटला गेला. पण त्याच लढाईत शम्सखान मियाना राणीच्या बाजूने लढला, आणि तिच्या शौर्याची, कारभाराची वाखाणणी अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलनेच केली. फौज म्हणजे राज्य असतं. राज्य म्हणजे अख्खी संस्कृती नसते. मराठ्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्यांवरून कोणी ज्ञानेश्वर-तुकारामांची पारख केली तर आपल्याला चालेल का? तोच न्याय इथेही लावायला हवा.

तेव्हा नातीला सांगा, पाच मुद्दे बरोबर आहेत, ते राहू देत. त्यांच्यावर एक ओळ लिही : ‘कणा ताठ ठेवून हात मोकळे ठेवणारी संस्कृती.’ इतिहास असं सांगतो की हात मोकळे होते तेव्हा ती बहरली. हे कुठल्याही संस्कृतीला लागू आहे, आपल्याही.

आणि एका रविवारी तिला घेऊन तेवरला जा. जुन्या मूर्ती अजून तिथे दिसतात. तिथे उभं राहून तिला सांगा, की या गावाचं नाव हजार वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने अरबीत लिहिलं, कारण त्याला आपल्याविषयी जाणून घ्यायचं होतं. तिने तुम्हाला विचारलेला प्रश्नही त्याच जातीचा आहे.