मुंबईची हवा आणि मुलीचा खोकला

प्रश्न : दिवाळी सरली की माझ्या आठ वर्षांच्या मुलीला खोकला सुरू होतो, रात्री धाप लागते. डॉक्टर हवेला दोष देतात. समुद्राकाठच्या मुंबईत असं कसं? – एक वाचक, चेंबूर

उत्तर : डॉक्टरांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. हिवाळ्यात समुद्राचा वारा मंदावतो, थंड हवा जमिनीलगत साचते आणि बांधकामांची धूळ, वाहनांचा धूर तिथेच अडकून राहतो. त्यातले २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुप्फुसांतून रक्तापर्यंत पोहोचतात. म्हणून दम्याबरोबर हृदयविकार, पक्षाघाताचाही धोका वाढतो. या कणांची वार्षिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, आपण ४०. त्यामुळे ‘मर्यादेतली’ हवा निर्धोक समजू नका.

या आजारपणाचा खर्च केवळ औषधांचा नाही. शाळा बुडते, आईबाबांची रजा जाते, रोजंदारीवाल्याचा तर दिवसच बुडतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या समूहातल्या एका अभ्यासानुसार २०१९ मध्ये प्रदूषित हवेमुळे देशात सुमारे १६.७ लाख मृत्यू झाले. अकाली मृत्यू आणि आजारपण यांमुळे बुडालेलं उत्पन्न जीडीपीच्या १.३६ टक्के होतं.

डॉक्टरांनी मुलीला इन्हेलर दिला असेल, तर सवय लागेल या भीतीने तो परस्पर बंद करू नका. हवा खराब असेल तेव्हा मुलीला बाहेर पळापळ करू देऊ नका. शेजारचं बांधकाम झाकलेलं नसेल, तर सोसायटीतर्फे पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.