वनस्पतिचित्रण : द्रव्यपरिचयाचे दुर्लक्षित साधन

काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात पुनर्नवा म्हणून आलेल्या पंचांगाच्या गोणीत निम्म्याहून अधिक विषखापरा निघाला. तोवर शोथाच्या रुग्णांना त्याचा काढा आठवडाभर दिला गेला होता. अपाय कोणासही झाला नाही. पण अपेक्षित गुणही आला नाही. दोष केवळ पुरवठादाराचा नव्हता. गोणी उघडून माल पसंत करणारा मीच होतो. ग्रंथातील वर्णन पाठ होते, डोळ्यांना मात्र वनस्पतीची ओळख नव्हती.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की, औषधींचे नाम व रूप गुराखी, मेंढपाळ आणि वनवासीही जाणतात. वैद्याने त्यापुढे जाऊन योग जाणावा. आपण योग शिकलो, रूप मागे राहिले. ते डोळ्यांत उतरविण्याचा सोपा मार्ग म्हणजे वनस्पती स्वतः रेखाटणे.

पूर्वपरंपरा

मलबारचे डच प्रमुख व्हान रीड यांचा ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा १२ खंडांचा सचित्र ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध झाला. त्यास इट्टी अच्युतन यांच्यासह रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट या कोंकणी वैद्यांचे साहाय्य होते. आपल्याकडे पुण्याजवळ दापोडीच्या वनस्पती उद्यानात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० दरम्यान एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराकडून १५० हून अधिक वनस्पतिचित्रे करवून घेतली. ती आज एडिंबरो येथे जतन केलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र नोंदलेले नाही.

पद्धती

१. साहित्य : जलरंगाचा जाड कागद, २ एच पेन्सिल, टाक, चिनी शाई, मोजके जलरंग, गोल कुंचला, भिंग व पट्टी. चिनी शाई ही काजळी व सरस यांची असते. वाळलेल्या रेघेवर ओला कुंचला फिरवून पाहावा. शाई पसरल्यास त्यावर रंग देऊ नये.

२. मापन : शक्यतो मूळ आकारात रेखाटावे. पेरांतील अंतर, पानांची मांडणी व देठ मोजून घ्यावेत.

३. शाई : बाह्यरेषा, शिरा व लव टाकाने काढावी, छायेसाठी ठिपके द्यावेत.

४. रंग : फूल लवकर कोमेजते, म्हणून त्याचा रंग बाजूच्या कागदावर आधीच जुळवून ठेवावा. फिकट थर प्रथम, तो वाळल्यावर दुसरा. पांढऱ्या जागी कागद कोरा सोडावा.

५. नोंद : स्थळ, दिनांक, ऋतू, वनस्पतीची अवस्था, स्थानिक व शास्त्रीय नाव.

उदाहरण : पुनर्नवा

समोरासमोरील पानांच्या जोडीत एक पान मोठे व एक लहान, ही खूण पुनर्नवा (बोऱ्हाविया डिफ्यूजा) व विषखापरा (ट्रायँथेमा पोर्टुलाकॅस्ट्रम) या दोहोंत आढळते. माझी फसगत तेथेच झाली. पुढे दोन्ही वनस्पती रेखाटायला बसलो, तेव्हा फूल नेमके कोठून निघते हे पाहणे भागच पडले. पुनर्नवेची लहान गुलाबी-जांभळट फुले फांदीदार दांड्यांच्या टोकांशी झुबक्यांनी येतात; फळ पाच कण्यांचे व चिकट असते. विषखापऱ्याची पाने मांसल, फूल देठाविना पानाच्या बेचक्यात रुतलेले. फळ टोपण असलेल्या डबीसारखे व आत काळ्या बिया. सुक्या मालातही ही फळे व बिया भिंगाखाली ओळखता येतात.

समारोप

चाळीसगावजवळील पाटणादेवीचा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो. तेथील वनस्पती तोडता येत नाहीत. चित्र काढताना मात्र एक पानही खुडावे लागत नाही. चित्र हा शुष्क नमुन्याचा किंवा सूक्ष्मदर्शकीय परीक्षणाचा पर्याय नव्हे. तथापि प्रत्येक वैद्यबंधू-भगिनीने दर ऋतूत एक वनस्पती रेखाटावी आणि औषधी निर्मात्यांनी असे चित्र माल उतरविण्याच्या जागी लावावे, ही विनंती. आमच्या भांडाराच्या दाराशी ही दोन चित्रे शेजारी-शेजारी लावलेली आहेत. आता गोणी त्यांच्यासमोरच उघडली जाते.