शेतातील सोयाबीन घराच्या ताटात : जावा बेटातील टेंपे व भाज्यांचे प्रकार

सोयाबीन हे महाराष्ट्रातील खरीप हंगामाचे एक प्रमुख पीक होय. मळणी झाली की धान्य बाजारात जाते आणि बाजारातून तेलाच्या गिरणीत. तेल शहराकडे जाते व पेंड कोंबड्यांच्या खाद्यात पडते. ज्या घराने पावसात उभे राहून हे पीक काढले, त्या घराच्या ताटात मात्र त्याचा दाणा क्वचितच येतो. याचे कारण उघड आहे. हा दाणा कडक असतो, त्यास उग्र वास येतो आणि हरभऱ्या-मटकीप्रमाणे त्याची उसळ केली तर ती पोटास जड पडते. वाळलेल्या सोयाबीनमध्ये शेकडा ४० च्या सुमारास प्रथिने असतात. इतके पौष्टिक धान्य घरात असताना मुलांच्या जेवणात प्रथिनांची उणीव राहावी, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

हीच अडचण इंडोनेशियातील जावा बेटावरील लोकांपुढेही होती. त्यांनी ती आंबवण्याच्या क्रियेने सोडविली. आपल्याकडे इडली-आंबोळीचे पीठ आंबवतात, तसा तेथे शिजविलेला सोयाबीनचा दाणा एका उपयुक्त बुरशीच्या साहाय्याने आंबवतात. या पदार्थास ‘टेंपे’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रचल्या गेलेल्या ‘सेरात चेंतिनी’ या जावानीज ग्रंथात टेंपेचा उल्लेख आहे. म्हणजे हे अन्न तेथे निदान दोनशे वर्षांपासून परिचित आहे. आज इंडोनेशियात लागणाऱ्या सोयाबीनचा मोठा भाग परदेशातून, विशेषतः अमेरिकेतून आणावा लागतो. तरीही टेंपे हे तेथील सामान्य माणसाचे रोजचे अन्न आहे. तेथे दाणा विकत आणून खातात. येथे तो पिकवून विकून टाकतात. टेंपे घरी कसे करावे, त्याजबरोबर भाज्यांचे कोणते प्रकार करावे आणि कोणती दक्षता घ्यावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

टेंपे म्हणजे काय

‘रायझोपस’ जातीच्या बुरशीचे पांढरे तंतू शिजलेल्या दाण्यांमध्ये पसरतात व दाणे एकमेकांस घट्ट बांधून त्यांची वडी तयार करतात. हेच टेंपे होय. या क्रियेत बुरशी प्रथिनांचे अंशतः विघटन करते, त्यामुळे ती पचण्यास सुलभ होतात आणि सोयाबीनचा उग्र वासही बराचसा नाहीसा होतो. १०० ग्रॅम टेंपेमध्ये सुमारे १९ ते २० ग्रॅम प्रथिने असतात. तांदळात जे लायसिन नावाचे द्रव्य कमी असते, ते सोयाबीनमध्ये भरपूर असते. म्हणून भात आणि टेंपे ही जोडी वरण-भाताइतकीच योग्य ठरते.

टेंपे करण्याची कृती

साहित्य : स्वच्छ सोयाबीन अर्धा किलो, व्हिनेगर २ मोठे चमचे, टेंपेचे विरजण (पुडीवर दिलेल्या प्रमाणात), केळीची पाने.

१. सोयाबीन निवडून धुवावे व भरपूर पाण्यात १० ते १२ तास भिजत ठेवावे.

२. भिजलेले दाणे दोन्ही हातांनी चोळावे. साले सुटून पाण्यावर तरंगतात. ती ओतून टाकावी. बुरशीचे तंतू सालीतून आत शिरत नाहीत, म्हणून हे काम कंटाळा न करता पूर्ण करावे.

३. नव्या पाण्यात व्हिनेगर घालून दाणे सुमारे एक तास शिजवावे. दाणा दाताखाली सहज तुटावा, परंतु त्याचा लगदा होऊ नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे द्रव्य असते. ते शिजविल्याने निष्प्रभ होते. व्हिनेगरच्या आंबटपणामुळे अपायकारक जंतूंच्या वाढीस आळा बसतो.

४. दाणे रोवळीत निथळून स्वच्छ कापडावर पसरावे व वरचे पाणी पूर्ण सुकू द्यावे. ओल राहिल्यास टेंपे चिकट होऊन नासते.

५. दाणे हातास कोमट लागू लागले म्हणजे विरजण शिंपडून कोरड्या चमच्याने सर्वत्र सारखे मिसळावे. गरम दाण्यांत विरजण घातल्यास ते मरते. या वेळी मीठ मुळीच घालू नये.

६. दाण्यांचा २ ते ३ सेंटीमीटर जाडीचा थर केळीच्या पानात गुंडाळावा व पानास काडीने छिद्रे पाडावी, कारण बुरशीस हवा लागते. जावात केळीप्रमाणेच सागाची पानेही या कामी वापरतात.

७. पुड्या ३० ते ३२ अंश सेल्सिअस उष्णतेच्या जागी ठेवाव्या. थंडीच्या दिवसांत चुलीजवळ, झाकलेल्या खोक्यात ठेवल्यास चालते. १२ ते १५ तासांनंतर बुरशी स्वतःच उष्णता निर्माण करू लागते. त्या वेळी पुड्या एकमेकींवर न रचता सुट्या मांडाव्या.

सामान्यतः २४ ते ३६ तासांत, आणि हवा थंड असल्यास ४८ तासांत टेंपे तयार होते. चांगले टेंपे पांढरे व घट्ट असते आणि त्यास अळंब्यासारखा मंद वास येतो. छिद्रांजवळ करडे वा काळे ठिपके दिसल्यास भिण्याचे कारण नाही. ते त्याच बुरशीचे बीजाणू असतात. परंतु वडी गुलाबी, हिरवी वा नारिंगी झाली, तिला तार सुटली किंवा कुजका वास आला, तर ती संपूर्ण फेकून द्यावी. चांगला भाग काढून घेण्याचा मोह धरू नये. तयार टेंपे त्याच दिवशी शिजवावे. शीतकपाट असल्यास त्यात ते ३-४ दिवस टिकते.

भाज्यांचे तीन प्रकार

पुढील प्रकार पाच माणसांच्या बेताने दिले आहेत. या पदार्थांस लागणारे बहुतेक जिन्नस आपल्या परसात व बाजारात मिळतात.

*सायुर लोदेह* (नारळाच्या दुधातील भाजी) : चवळीच्या कोवळ्या शेंगा २०० ग्रॅम, मध्यम वांगी २, दुधी भोपळ्याच्या फोडी २ वाट्या, टेंपेचे तुकडे १५० ग्रॅम व एक नारळ घ्यावा. नारळ खवून प्रथम घट्ट दूध काढावे व ते वेगळे ठेवावे. त्याच चवातून पाणी घालून पातळ दूध काढावे. ५-६ लहान कांदे, ३ लसूण पाकळ्या, २-३ मिरच्या व १ चमचा धने पाट्यावर वाटावे आणि हे वाटण थोड्या तेलात परतावे. त्यात पातळ दूध व आल्याचा ठेचलेला तुकडा घालावा. जावात आल्याऐवजी त्याच कुळातील कोळिंजन वापरतात. प्रथम शेंगा, नंतर भोपळा, वांगी व टेंपे घालून शिजवावे. शेवटी घट्ट दूध व मीठ घालून मंद आचेवर ढवळत राहावे. खळखळून उकळी आल्यास दूध फुटते.

*पेचेल* (शेंगदाण्याच्या चटणीसह उकडलेल्या भाज्या) : चवळीच्या शेंगा, कोबी, पालक किंवा नाळीची भाजी, मोड आलेले मूग अशा भाज्या वेगवेगळ्या उकडून निथळाव्या. पूर्व जावात या पदार्थात हादग्याची फुलेही घालतात. आपल्या बांधावर हादगा असल्यास त्याच्या फुलांचा असा उपयोग अवश्य करावा. २०० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, २ लसूण पाकळ्या, ३ मिरच्या, १ मोठा चमचा गूळ, थोडी चिंच व मीठ एकत्र वाटावे आणि कोमट पाण्याने सैल करून भाज्यांवर ओतावे. जावात याकरिता ताडामाडाचा गूळ वापरतात. कोकणात व गोव्यात माडाचा गूळ मिळतो, तो घेतल्यास चव अधिक जवळची येते.

*तळलेले टेंपे* : २ लसूण पाकळ्या, १ चमचा धने, चिमूटभर हळद व मीठ वाटून अर्धी वाटी पाण्यात कालवावे. टेंपेचे अर्धा सेंटीमीटर जाडीचे काप त्यात १५ मिनिटे ठेवून, निथळून तेलात सोनेरी होईतो तळावे. प्रथमच टेंपे खाणाऱ्यांस हा प्रकार विशेष रुचतो.

अवश्य घ्यावयाची दक्षता

पहिली गोष्ट बियाण्याची. पेरणीसाठी आणलेल्या सोयाबीनला पुष्कळदा बुरशीनाशक औषध चोळलेले असते. असे उरलेले बियाणे धुऊन वा शिजवूनही खाण्यायोग्य होत नाही. ते माणसास वा जनावरास कदापि देऊ नये. खाण्याचे धान्य मळणीच्या वेळीच वेगळे काढून कोरडे ठेवावे.

दुसरी गोष्ट विरजणाची. शिळ्या भाकरीवरील किंवा धान्यावरील बुरशी म्हणजे विरजण नव्हे. सर्व बुरशी सारख्या नसतात. शेंगदाण्यावर वाढणाऱ्या काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. यास्तव विरजण विश्वासू विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि पेचेलच्या चटणीसाठी बुरसटलेले, सुरकुतलेले वा काळपट शेंगदाणे निवडून टाकावे.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. मध्य जावात, विशेषतः बान्युमास भागात, खोबऱ्याच्या चोथ्यापासून व पेंडीपासूनही एक प्रकारचे टेंपे करीत. त्यास ‘टेंपे बोंगक्रेक’ म्हणत. त्यात कधी कधी एक घातक जंतू वाढून विष निर्माण होई. हे विष शिजविल्याने किंवा तळल्यानेही नाहीसे होत नाही. या अन्नाने शेकडो माणसे दगावली आणि १९८८ मध्ये इंडोनेशियाच्या शासनाने त्याच्या उत्पादनावर बंदी घातली. वाया जाणारी पेंड उपयोगात आणावी हा गरीब घरांचा हेतू चांगला होता. परंतु काटकसरीची किंमत प्राणाने मोजावी लागली. म्हणून कोकणातील व इतर भागांतील बंधुभगिनींनी खोबऱ्याच्या चवाचे वा पेंडीचे टेंपे करण्याचा प्रयोग मुळीच करू नये. टेंपे सोयाबीनचेच करावे.

ज्यांना सोयाबीन वा शेंगदाणा खाल्ल्याने अंगावर पित्त उठते किंवा धाप लागते, त्यांनी हे पदार्थ वर्ज्य करावे.

ग्रामकार्यकर्त्यांस सूचना

नवे अन्न सांगून रुचत नाही, ते चाखल्यानेच रुचते. म्हणून प्रात्यक्षिकाचा आरंभ पेचेल व लोदेह यांनी करावा. लोदेह प्रथम टेंपे न घालताही करता येते. त्यामुळे परक्या नावाची भीती नाहीशी होते. तदनंतर दोन दिवसांचे टेंपेचे प्रात्यक्षिक ठेवावे. पहिल्या दिवशी महिला मंडळात दाणे सोलून, शिजवून, विरजण लावून पुड्या बांधाव्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या सर्वांसमक्ष उघडाव्या. चांगली आणि बिघडलेली वडी यांतील फरक डोळ्यांनी व नाकाने ओळखण्यास शिकविणे, हा प्रात्यक्षिकाचा मुख्य हेतू असावा. एखादी वडी बिघडली तर ती लपवू नये. तीच उत्तम धडा ठरते.

एका कुटुंबास आठवड्यातून एकदा टेंपे करण्यास अर्धा किलो सोयाबीन पुरते. वर्षाकाठी हे प्रमाण २६ किलो, म्हणजे एका पोत्याहूनही कमी होते. सर्व पीक बाजारात नेण्यापूर्वी शेतकरी बंधूंनी एवढे धान्य घरासाठी राखून ठेवावे. विकलेल्या धान्याचे पैसे हाती येतात व खर्चही होतात. घरी राखलेले धान्य मात्र मुलांच्या अंगी लागते.